कंदील, खुर्ची, कात्री, दोर

"माझ्या आईवर खुनाचा आळ आलाय. आणि तो घालायला मदत करणारा माझा सख्खा भाऊ आहे."

असं म्हणत ती बाई आत आली आणि 'बसा' म्हणायच्या आधीच बसली. भावोजी खिडकीची कडी ठोकत होते, त्यांच्या हातातला हातोडा तसाच राहिला.

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला. "मी तोंडाची फटकळ आहे, हे कुणी सांगितलं का तुम्हाला?"

"सांगितलं. म्हणूनच आले. गोड बोलणाऱ्यांकडून माझं पोट भरलंय."

वहिनी पूर्वी वकिली करत. उलटतपासणीत त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. पुढे काळा कोट खुंटीला गेला आणि दारावर 'खासगी तपास' अशी पाटी आली. भावोजी त्यांचे दीर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. थोरले भाऊ वारल्यावर ते वहिनींची गाडी चालवू लागले आणि हळूहळू, कुणी नेमणूक न करता, तपासातही शिरले. तपास आपल्यामुळे पुढे सरकतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. वहिनींनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

बाईनं हकिगत सांगितली ती धुमसतच.

तिचे वडील हृदयविकारानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना रोज एक गोळी लागे, हृदयाचे ठोके आवरणारी. एकीऐवजी चार पोटात गेल्या तर हृदय थांबेल, अशी जहाल. आई विसरभोळी, म्हणजे आजारानं विसरभोळी. सकाळी केलेलं दुपारी आठवत नसे. म्हणून वडिलांची गोळी भाऊ देई.

"मग आईला त्या संशोधन केंद्रात घातलं. स्मृतीच्या नव्या औषधाचा अभ्यास. सुरुवातीला परीक्षा घेतली, दहा शब्द सांगितले, तिला दोन आठवले. सहा महिन्यांनी पुन्हा घेतली. दहाच्या दहा! भाऊ हुरळला. म्हणाला, आई बरी झाली. आणि बाबांच्या गोळ्यांची डबी तिच्या हाती देऊन मोकळा झाला."

"आणि?"

"महिन्याच्या आत बाबा गेले. एका दिवसात डबी अर्धी रिकामी झाली होती. मी म्हणते, ती दिलेलं विसरली आणि देत राहिली. पोलीस म्हणतात, जिला दहा शब्द आठवतात ती पाच मिनिटांपूर्वी दिलेली गोळी विसरेल कशी? तिनं जाणूनबुजून दिल्या."

"जाणूनबुजून का देईल?"

बाईनं ओठ आवळले. "बाबा तापट होते. तोंडाचे आणि हाताचेही. गल्लीला ठाऊक आहे."

"तुमचा भाऊ काय म्हणतो?"

"तो केंद्राचा निकाल छातीशी धरून बसलाय. आई बरी होती, असंच म्हणतो सगळ्यांना. आई विसरली असं ठरलं तर डबी देणारा हा दोषी ना! त्यापेक्षा आई खुनी ठरलेली चालेल त्याला."

वहिनी उठल्या. "भावोजी, गाडी काढा."

*

दार भावानंच उघडलं. बहीण दिसताच त्याचा चेहरा आंबला.

"आणलीस का आणखी एक तमाशा बघायला?"

"बघायला नाही, विचारायला," वहिनी म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून आत शिरल्या.

म्हातारी खाटेवर बसून पदराच्या घड्या घालत होती. चेहरा शांत, केस नीट विंचरलेले. लेकीकडे बघून ती ओळख नसल्यासारखी हसली. "या हो. कुणाकडे आलात?"

लेकीनं मान फिरवली.

वहिनी खाटेशी बसल्या. "आजी, आज सकाळी काय खाल्लंत?"

"अजून काही नाही दिलं कुणी."

"अर्ध्या तासापूर्वी जेवलीये," भाऊ तटकन म्हणाला. "नाटक करते. शब्द विचारा तिला. विचारा ना!"

"कुठले शब्द, आजी?"

म्हातारीचे डोळे एकदम उजळले. मांडीवर हातानं ठेका धरून ती घडाघडा म्हणाली, "कंदील, खुर्ची, कात्री, दोर... पोपट, पाटी, लिंबू, मोर... छत्री, किल्ली!"

आणि मान मागे टाकून तिनं मोठा घोट गिळला. तोंडात काहीही नसताना.

भावोजींना वाटलं, घसा सुकला. त्यांनी धावत पाण्याचा पेला आणून दिला. म्हातारीनं तो बाजूला ठेवला. तहान नव्हती.

"बघितलंत?" भाऊ म्हणाला. "परीक्षा होऊन किती आठवडे झाले, तरी एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि म्हणे आईला आठवत नाही!"

"गोळ्यांचा त्रास व्हायचा का तिला? केंद्राच्या गोळ्यांचा?"

"पहिल्या आठवड्यात थुंकायची. कडूजहर लागायच्या. मी थेट मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, कडू लागते ना? मग उत्तम. बंद करू नका, मी सोय करतो. लगेच त्यांची नर्स रोज यायला लागली, गोळी द्यायला. एवढी काळजी घेतली त्यांनी. आणि ही," त्यानं बहिणीकडे बोट केलं, "वर्षातून एकदा तोंड दाखवणार आणि आम्हाला शहाणपण शिकवणार!"

"नर्स गोळी देताना तू कुठे असायचास?"

"कामावर. मला पोट आहे."

बहीण काही बोलणार होती. वहिनींनी तिच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

गाडीत भावोजी म्हणाले, "वहिनी, मला तर म्हातारी ठणठणीत वाटली. दहाही शब्द बिनचूक."

"लेकीला ओळखलं का तिनं?"

भावोजींनी गिअर टाकला.

*

संशोधन केंद्राची इमारत काचेची होती आणि आतली माणसंही तितकीच गार. मोठ्या डॉक्टरांनी दोघांना पाऊण तास बाहेर तिष्ठत ठेवलं आणि आत घेतल्यावर बसायला सांगितलं नाही. वहिनी बसल्या. मग भावोजीही बसले.

"माझ्याकडे वेळ नाही," डॉक्टर म्हणाले. केस पांढरे, बोटं सतत टेबलावर वाजणारी. "वीस वर्षं मी या औषधावर घालवलीत. एका घरगुती भांडणासाठी ते मी चिखलात ओढू देणार नाही."

"मला शहाण्यासारखं समजावून सांगा, मी निघते. बदल मोजता कसा?"

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "अर्ध्या लोकांना खरी गोळी. अर्ध्यांना साखरेची, दिसायला हुबेहूब. कोणाला कोणती, हे इथं कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. ती गुपितं बाहेरच्या एका संस्थेकडे बंद आहेत, पुढच्या आठवड्यात उघडतील. सुरुवातीला एक परीक्षा, शेवटी एक. दोन्हींतला फरक म्हणजे बदल. यात लबाडीला जागाच नाही."

"शब्द कोण निवडतं?"

"मी. अभ्यास सुरू व्हायच्या आधीच दोन याद्या केल्या, पाकिटं मोहोरबंद करून कपाटात ठेवली. परीक्षा घेणारी बाई पाकीट रुग्णासमोर फोडते. तोवर तिलाही शब्द ठाऊक नसतात."

"तुम्ही रुग्णांना भेटता?"

"कधीच नाही. रुग्णांशी नाही, नातेवाइकांशी नाही. नियम आहे. डॉक्टरच्या आशेची लागण रुग्णाला होते, बाई." त्यांनी घंटी दाबली. "आणखी काही असेल तर पोलिसांमार्फत विचारा."

परीक्षा घेणारी बाई तळमजल्यावर एका छोट्या खोलीत होती. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर काहीही नाही. तिनं दार अर्धवटच उघडलं.

"माझ्या कामात खोट काढायला आलात ना?"

"खोट असेल तर."

"नाही!" तिचा आवाज चढला. "मी एका सुरात वाचते. डोळ्यांनीसुद्धा खूण करत नाही. मग वीस मिनिटं त्यांना चित्रं जुळवायला देते, आणि मग विचारते. ज्यांना आठवले त्यांना आठवले."

"किती जणांना?"

"साधारण निम्म्यांना. बाकीचे होते तिथंच. असा निकाल मी जन्मात पाहिला नाही. सुधारलेल्या प्रत्येकानं शब्द सांगितले तेसुद्धा एकाच क्रमानं! मी पहिला वाचला होता 'मोर', शेवटचा 'कात्री'. पण त्या सगळ्यांनी सुरुवात 'कंदील'पासून केली. मेंदूच जणू नवा झाला होता."

"तुम्हाला याचं नवल नाही वाटलं?"

"वाटलं ना. म्हणून तर मी डॉक्टरांना आपणहून सांगितलं. ते म्हणाले, औषधाचा गुण." तिनं दार लोटलं. मग पुन्हा किंचित उघडून म्हणाली, "त्या आजींनी कुणाला मारलं असेल असं मला नाही वाटत. पण माझी परीक्षा खोटी नाही."

गोळ्यांच्या खिडकीमागचा औषधवाला तर डोकं वरच करेना.

"मी क्रमांक बघतो, बाटली देतो. कुठली खरी, कुठली साखरेची, मला कळत नाही आणि कळून घ्यायचं नाही."

"चवीवरून कळत असेल."

"दुसऱ्याचं औषध मी चाखत बसू? दिसायला सारख्या, वजनाला सारख्या. चवीचं कुणी विचारलं नाही. साखरेच्या गोळ्यांचं काम मोठ्या डॉक्टरांनी स्वतः करून घेतलं, त्यांना विचारा. सरका, मागे रांग आहे."

रांगेत कुणीही नव्हतं.

बाहेर आल्यावर भावोजी विजयी मुद्रेनं म्हणाले, "वहिनी, परीक्षावाली! शब्द तिच्याच हातात. बाहेर आजीला पढवणारी तीच."

"पाकीट फोडायच्या आधी?"

"गुपचूप फोडून पुन्हा चिकटवलं असेल."

"मग सगळे एकाच क्रमानं बोलले, हे आपणहून तिनं मला कशाला सांगितलं असतं? चोर स्वतःच्या पावलांचे ठसे बोटानं दाखवतो का?"

भावोजींचा विजय तिथंच विरला.

*

नर्स तिच्या घरी सापडली. नोकरीवर गेली नव्हती. दाराआडूनच तिनं विचारलं, "पोलीस का?"

"नाही."

"मग मला काही सांगायचं नाही."

"एवढंच सांगा," वहिनी म्हणाल्या, "गोळी देताना तुम्ही त्या आजींशी काय बोलायचात?"

"काही नाही. गोळी द्यायची, नाडी बघायची, निघायचं. गाणी म्हणायला मी काय बालवाडीत शिकवते? मला पंधरा घरं करायची असतात. त्या म्हातारीनं नवऱ्याला काय दिलं, त्याच्याशी माझा संबंध नाही. जा तुम्ही!"

दार आपटलं. भावोजी नाराज झाले. "काहीच निघालं नाही."

"खूप निघालं. चोराच्या मनात चांदणं, भावोजी. आता आपल्याला असा माणूस हवा, जो सुधारलाच नाही."

"सुधारलेल्यांचं कोडं आहे ना? मग न सुधारलेला कशाला?"

"तुम्ही कवायतीत मुलांची उंची वाढली की नाही ते कसं बघायचात?"

"दुसऱ्या मुलाशेजारी उभं करून."

"तेच करायचंय."

बहिणीच्या ओळखीनं एक घर निघालं. म्हातारे शिंपी, त्याच अभ्यासातले. स्मृतीत काडीचा फरक नाही. ते कोपऱ्यात बसून हवेतच सुई ओवत होते. त्यांच्या बायकोनं दोघांना पायरीवरच उभं केलं.

"त्या केंद्राचं नाव काढू नका. सहा महिने आशेला लावलं आणि शेवटी, 'तुमच्यात बदल नाही.' जणू यांचाच गुन्हा!"

"नर्स यायची?"

"पहिल्यांदा आली तेव्हा विचारलं, गोळी कशी लागते? हे म्हणाले, गोड. ती 'बरं' म्हणाली. पुढे कधीमधी यायची, उभ्याउभ्या नाडी बघून जायची."

"काही म्हणवून घ्यायची का यांच्याकडून? गाणं, कविता?"

"गाणं? कसलं गाणं? ती साधी बसली नाही कधी."

वहिनींनी त्या म्हाताऱ्याकडे क्षणभर पाहिलं. मग भावोजींना म्हणाल्या, "इन्स्पेक्टरला फोन लावा. उद्या सगळे केंद्रात हवेत. आजीसुद्धा."

*

परीक्षेची खोली लहान पडली म्हणून सगळे वरच्या बैठकीच्या दालनात जमले. बहीण-भाऊ टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता. नर्स भिंतीला टेकून. औषधवाला दाराशी. परीक्षावाली हाताची घडी घालून. डॉक्टर घड्याळाकडे बघत. इन्स्पेक्टर जांभई देत.

"दहा मिनिटं," इन्स्पेक्टर म्हणाला. "मग आजींना मी घेऊन जाणार."

"भरपूर झाली," वहिनी म्हणाल्या. त्या परीक्षावालीकडे वळल्या. "मी सांगितलं होतं ते केलंत?"

"हो. आज सकाळी स्वतः दहा शब्द निवडले. कुणालाही दाखवले नाहीत."

"मग आजींची परीक्षा घ्या. नेहमीसारखी."

डॉक्टर ताडकन उठले. "याला माझी परवानगी नाही!"

"माझी आहे," आजींची लेक म्हणाली. "आई माझी आहे."

इन्स्पेक्टरनं हातानंच डॉक्टरांना बसवलं.

परीक्षावालीनं एका सुरात वाचलं: नदी, चमचा, घोडा, पायरी, आरसा... म्हातारी कौतुकानं ऐकत होती. मग ती चित्रं जुळवत बसली. आजीला शब्द आठवले तर ती तुरुंगात, हे भावोजींना आत्ता कुठे नीट उमगलं होतं.

"आजी, आता मघाचे शब्द सांगा."

म्हातारी हसली. मांडीवर ठेका धरला. "कंदील, खुर्ची, कात्री, दोर... पोपट, पाटी, लिंबू, मोर... छत्री, किल्ली!" आणि मान मागे टाकून रिकामा घोट गिळला.

परीक्षावालीचा चेहरा पडला. "एकही नाही," ती पुटपुटली. "आज वाचलेला एकही नाही."

"इन्स्पेक्टरसाहेब," वहिनी म्हणाल्या, "ही बाई वीस मिनिटांपूर्वीचं विसरते. पण शेकडो वेळा म्हटलेलं विसरत नाही, जसं आपण बडबडगीत विसरत नाही. हे शब्द तिनं परीक्षेत ऐकून लक्षात ठेवले नाहीत. ते तिच्याकडून आधीच घोटून घेतले होते. परीक्षेत ते वेगळ्या क्रमानं वाचले गेले, तरी सुधारलेल्या प्रत्येकानं याच क्रमानं सांगितले. वेगवेगळ्या घरातली म्हातारी माणसं एकच चाल म्हणतात, तेव्हा शिकवणारं तोंड एक असतं."

"पण कोण?" इन्स्पेक्टर सरसावून बसला.

"घोट बघितलात ना? भावोजींनी काल तिला पाणी दिलं, तिला नको होतं. तिला तहान लागलेली नसते, तिला गोळी गिळायची सवय लागलीये. 'किल्ली' म्हटलं की गोळी पोटात. म्हणजे शब्द शिकवले गेले ते गोळी देताना."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. नर्स ओरडली, "मी काही केलं नाही!"

"काल मी तुम्हाला विचारलं, काय बोलायचात. गाण्याचं नाव मी काढलं नव्हतं, तुम्ही काढलंत."

भावोजी मनात म्हणाले, सुटलं कोडं. आणि तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "पण या बाईला परीक्षेतले शब्द ठाऊक असणं शक्य नव्हतं. पाकिटं बंद होती. औषधवाल्याला शब्दही ठाऊक नव्हते आणि रुग्णही. परीक्षावालीला पाकीट फुटेपर्यंत काही ठाऊक नव्हतं, नाहीतर ती क्रमाची गोष्ट तिनं गिळून टाकली असती. शब्द आधीपासून ठाऊक असलेला माणूस एकच. ज्यानं ते निवडले."

डॉक्टर हसले, पण ते हसू ओठांपर्यंतच आलं. "आणि खरी गोळी कोण घेतंय ते मला कसं कळलं? स्वप्नात?"

"जिभेवरून. तुमच्या नाही, त्यांच्या. दिसायला आणि वजनाला गोळ्या सारख्या केल्यात, पण साखरेच्या गोळ्या गोड ठेवल्यात. तुम्हीच करून घेतल्यात त्या. मग नर्सनं प्रत्येक घरी एकदा विचारायचं, कशी लागते? शिंपीआजोबा म्हणाले गोड, त्यांच्याकडे ती पुन्हा बसली नाही. या आजींची निघाली कडू, त्यांच्याकडे गाणं सुरू झालं. कुणाचंही गुपित फोडायची गरज पडली नाही. आणि पुढच्या आठवड्यात गुपितं उघडली असती, तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं असतं. खरं औषध घेणारे सगळे सुधारलेले!"

"पुरावा काय? या नर्सनं स्वतःच्या डोक्यानं केलं असेल."

"तुम्ही मला सांगितलंत, नातेवाइकांशी कधीच बोलत नाही. नियम आहे." वहिनी भावाकडे वळल्या. "गोळी थुंकली तेव्हा फोन कोणाला लावलास?"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "यांना," तो म्हणाला. "हेच म्हणाले, कडू ना, मग उत्तम. मी सोय करतो. आणि नर्स यायला लागली."

नर्सला रडू फुटलं. "साहेबांनीच केबिनमध्ये बसवून पाठ करून घेतलं माझ्याकडून! म्हणाले, कडू गोळी थुंकतात, त्यांना हे म्हणायला लावत जा, लक्ष दुसरीकडे जातं. कुणाला सांगू नकोस, म्हणाले. परीक्षेत हेच शब्द असतात, हे मला देवाशप्पथ माहीत नव्हतं. त्या आजींचे यजमान गेल्यावर मी साहेबांना विचारलं, काही चुकलं का आपलं? तर म्हणाले, तोंड उघडलंस तर तूच अडकशील."

मग डॉक्टर बोलले, आणि त्यांच्या आवाजात लाज नव्हती, संताप होता.

"बदल होता! मी वीस वर्षं बघतोय. माणसांच्या डोळ्यांत तरतरी येते, हात स्थिर होतात. पण तुमच्या या दहा शब्दांच्या फालतू परीक्षेत तो उतरतच नव्हता! दोन अभ्यास वाया गेले. बदल खरा होता, माप खोटं होतं. मी फक्त मापाला हात दिला."

"माप तोकडं वाटलं तर दुसरं आणायचं होतंत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही उत्तर आधी ठरवलंत आणि माणसांकडून ते पाठ करून घेतलंत. यांच्या घरी कुणीतरी तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवला, डॉक्टर. आणि एक माणूस मेला."

"मी त्यांना डबी द्यायला सांगितली नव्हती!"

"नाही. तुम्ही फक्त ती बरी झाली असं सांगितलंत."

परीक्षावाली उठली. डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या पुढ्यात टाकलं आणि निघून गेली.

इन्स्पेक्टरनं खाकरून आजीकडे पाहिलं. "आजींना घरी न्या," तो म्हणाला. "डॉक्टर, तुम्ही थांबा."

*

वहिनी जबाब नोंदवायला मागे राहिल्या. भावोजी तिघांना घरी सोडायला निघाले.

लेकीनं आईला मागच्या सीटवर बसवलं आणि दार धरून भावाला म्हणाली, "तू रिक्षानं ये. मला तुझं तोंड बघायचं नाही. आईला मी घेऊन जाणारे. आजच."

"ने," भाऊ म्हणाला. तो फुटपाथवर तसाच उभा होता. "मी तिला विचारलंच नाही गं. एकदाही. आई, सकाळी काय खाल्लंस, एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं. मी नुसता आकडा बघितला."

"आणि नंतर? पोलिसांसमोर?"

भावोजींना ते सहन होईना. शाळेत रागावलेल्या मुलांना ते जसं म्हणत तसं म्हणाले, "बस रे पुढे. बस." आणि तो बसला. बहिणीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

गाडी चालू झाली. सिग्नलला गाडी थांबली तशी म्हातारी अस्वस्थ झाली. पदर चाचपला, सीटवर हात फिरवला, काहीतरी शोधू लागली.

"यांची गोळी दिली का गं?" तिनं लेकीला विचारलं. "वेळ झाली ना? दिली का?"

लेकीनं तोंडावर हात दाबला.

"डबी कुठाय? मी देते. थांबव बाबा गाडी, त्यांना गोळी द्यायची राहिली."

भाऊ वळला. दोन्ही सीटच्या मधून हात घालून त्यानं तिचा चाचपडणारा हात धरला.

"दिली, आई," तो म्हणाला. "मी दिली."

"दिलीस?"

"दिली."

म्हातारीनं निःश्वास टाकला आणि मागे टेकली. सिग्नल सुटला. चौक ओलांडला, पूल आला, आणि तिचा हात पुन्हा चुळबुळू लागला.

"यांची गोळी दिली का रे?"

"दिली, आई."

बहिणीनं खिडकीवरून नजर काढून भावाकडे पाहिलं. भावोजी रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिले. घर येईपर्यंत म्हातारीनं कितीदा विचारलं, ते त्यांनी मोजलं नाही. प्रत्येक वेळी भावानं मागे वळून, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, उत्तर दिलं.